नखे आत घेऊन खेळावे

मांजर पाळावे की पाळू नये, हा प्रश्न शहरातील माणसाला पडतो. खेड्यातील माणसाला तो सहसा पडत नाही. ज्या घरात गव्हाची कोठी, तुरीची कणगी किंवा सरकीचे पोते आहे, त्या घरात उंदीर आहेच. आणि जेथे उंदीर आहे तेथे मांजर आपल्या पायांनी चालत येते. त्याला कोणी आमंत्रण देत नाही. चार दिवस ते आढ्यावरून पाहणी करते, पाचव्या दिवशी चुलीजवळची ऊबदार जागा पसंत करते, आणि पुढे पुढे आपणच त्याच्या घरी राहावयास आलो आहोत की काय, असा संशय घरधन्यास येऊ लागतो.

धार्मिक साप्ताहिकाच्या पानावर मांजरांविषयी लिहिण्याजोगे काय आहे, असे एखादा वाचक विचारील. आमचे उत्तर असे की, मांजरांच्या सहवासात राहून आम्ही जी एक गोष्ट पाहिली ती घराला, शेजाराला आणि गावाला सारखीच उपयोगी आहे. ती सांगताना नित्याच्या काही बाबींवरील आमची मतेही ओघाने येतील. वाचकांनी ती गोड मानून घ्यावीत.

आमचे खेडे पांढुर्णा आणि सौंसर या दोन गावांच्या मधल्या पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, जाम नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. एका बाजूस कापूस व तूर, दुसऱ्या बाजूस संत्र्यांचे बगीचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि आमचा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा काढण्यात आला व सौंसर त्यात आले. कचेरीत आणि शाळेत हिंदी चालते. परंतु चुलीपाशी आणि देवापाशी आम्ही मराठीच बोलतो. मांजराला हाक मारावयाची तीही मराठीतच. सरकारी भाषेतील हाकेला आमची मनी कानसुद्धा हलवीत नाही.

तीन पिल्ले आणि एक संत्रे

दोन हिवाळ्यांपूर्वी मनीला तीन पिल्ले झाली. मांजरीचे गाभणपण सुमारे नऊ आठवड्यांचे असते. पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असतात, ते आठवड्या-दोन आठवड्यांत उघडतात. आणि चौथा आठवडा लागला की घराची शांतता संपते. पांढऱ्या पिल्लाचे नाव मुलांनी कापशी ठेवले, काळ्याचे काळू, आणि तांबूस-पिवळ्याचे संत्र्या. या रंगाच्या दर पाच मांजरांत साधारणपणे चार बोके असतात, आणि तीनरंगी मांजर बहुधा मादीच असते. हा रंग आईकडून लेकरास कसा जातो याचे शास्त्र आहे. तेव्हा संत्र्याचे नाव ठेवताना मुलांची चूक होण्याचा संभव थोडाच होता.

घरात कापूस साठविलेला होता. पिल्लांना तो ढीग म्हणजे डोंगर, दरी आणि गादी असे तिन्ही काही. वरून उडी मारावी, आत बुडून जावे, आणि दुसरे जवळ आले की कापसातून एकदम तोंड बाहेर काढावे, हा खेळ त्यांस कधी पुरेसा झाला नाही. आंबिया बहाराची संत्री घरी आली तेव्हा त्यांतील एक लहानसे फळ ओट्यावरून घरंगळले. तिघेही प्रथम त्यापासून दूर पळाले, मग सावकाश जवळ आले, वास घेतला आणि नाके फेंदारली. मांजराला संत्र्याच्या सालीचा वास मुळीच सोसत नाही. तरीही घरंगळणाऱ्या वस्तूचा मोह असा, की तास दीड तास ते फळ पंजाने ढकलणे आणि त्यापासून पळणे चालूच राहिले. मांजराला गोड चव कळतच नाही, हेही शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. तेव्हा संत्र्यांच्या मुलखात जन्म घेऊन या प्राण्याच्या वाट्यास संत्र्याचा फक्त चेंडूच आला.

मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला अधिक चपळ असते, आणि तिन्हीसांज हीच आमची रोझरीची वेळ. सारे कुटुंब गुडघे टेकून बसले की हातातील माळा लोंबू लागतात, आणि लोंबणारी माळ पाहून पुढचा पाय उचलणार नाही असे पिल्लू देवाने अद्याप निर्माण केलेले नाही. धाकट्या नातीला हसू आवरत नसे. यावर काही थोर माणसे मुलांना चापट मारतात. आमचे मत निराळे आहे. प्रार्थनेत मुद्दाम खोडी काढणे वेगळे आणि निष्पाप हसू फुटणे वेगळे. ज्या घरात लेकरू प्रार्थनेच्या वेळी एकदा हसले व मग आपणहून ओठ मिटून पुढची ‘नमो मरिये’ म्हणू लागले, त्या घरातील प्रार्थना काही कमी झाली असे आम्हांस वाटत नाही. पिल्लाला मात्र आम्ही त्या अर्ध्या तासापुरते टोपलीखाली ठेवीत असू.

खेळाचा नियम

दोन पिल्ले एकमेकांवर झेप घेतात, मान पकडतात, मागच्या पायांनी पोटावर लाथा झाडतात. पाहणाऱ्यास वाटते, आता रक्त निघणार. रक्त निघत नाही. मांजराच्या पंज्याची रचनाच अशी आहे की पंजा सैल असला म्हणजे नखे आपोआप आत राहतात. लवचीक बंध त्यांना आत ओढून धरतात. नखे बाहेर काढावयाची तर स्नायू आवळावे लागतात. याचा अर्थ, नखे आत असणे ही मांजराची विश्रांती आणि नखे बाहेर असणे हा त्याचा खटाटोप. आपण माणसे याच्या उलट बोलतो. राग आपोआप येतो आणि शांत राहण्यासच कष्ट पडतात, अशी आपली तक्रार असते. देवाने आपल्यालाही निर्माण केले ते शांतीसाठीच, हे मांजराच्या पंज्याकडे पाहून आठवावे.

परंतु केवळ रचनेने भागत नाही, शिकावेही लागते. एके दिवशी संत्र्याने कापशीचा कान जोराने चावला. ती ओरडली, खेळ सोडला आणि कणगीमागे जाऊन बसली. संत्र्या काही वेळ स्वतःच्याच शेपटीमागे फिरला, काळूकडे गेला, पण काळू झोपलेला. त्याला त्या दुपारी खेळगडी मिळाला नाही. असे दोन-तीनदा झाल्यावर त्याचा चावा आपोआप हलका झाला. त्याला कोणी मारले नव्हते, कोणी उपदेश केला नव्हता. ज्याच्याशी खेळायचे तोच निघून गेला, एवढीच शिक्षा होती आणि ती पुरली. भावंडांतून फार लवकर उचललेली पिल्ले पुढे मोठेपणी माणसाच्या हातालाही ओरबाडतात, असा जाणत्यांचा अनुभव आहे. म्हणून पिल्लू कोणास द्यावयाचे तर आठ आठवड्यांचे होऊ द्यावे, मगच द्यावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मांजर काही साधुसंत नव्हे. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, ही म्हण आपल्या पूर्वजांनी डोळ्यांनी पाहूनच केली. मनी अर्धमेला उंदीर आणून पिल्लांपुढे सोडीत असे, आणि त्या शाळेत दया हा विषय नव्हता. पण हे तिचे पोट होते, तिचे काम होते. त्याच तोंडाने ती पिल्लाची मान पकडून त्याला पावसातून कोरड्या जागी नेई आणि त्याच्या कातडीवर ओरखडाही उठत नसे. मांजरीचे दात पिल्लास लागत नाहीत, ही दुसरी म्हणही आपल्याकडे आहेच. तात्पर्य, आपले कोण आणि शिकार कोणती, याचा विवेक त्या मुक्या प्राण्यास आहे.

घरातील नखे

आता आपण आपल्याकडे वळू. माणूस कापूस घेऊन बाजारात जातो. व्यापारी वजनात मारतो, भावात पाडतो. माणूस हसून ‘ठीक आहे, शेठजी’ म्हणतो. कचेरीत कारकून चार खेपा घालावयास लावतो. माणूस हात जोडतो. सायंकाळी तोच माणूस घरी येतो, वरणात मीठ कमी पडलेले असते, आणि मग दिवसभर आत ठेवलेली सगळी नखे एकदम बाहेर येतात. ज्यांनी त्याला लुबाडले त्यांच्यापुढे पंजा मऊ. जिने त्याच्यासाठी चूल पेटविली तिच्यापुढे नखे. मांजराने असे कधी केलेले आम्ही पाहिले नाही.

हे केवळ पुरुषांविषयी नाही. सुनेच्या माहेराविषयी एखादा शब्द सहज बोलावा तसा बोलून टाकणारी सासू, आणि सासूला ऐकू जाईल अशा बेताने भांडी आपटणारी सून, या दोघींचीही नखे आम्हांस ठाऊक आहेत. थट्टा तर प्रत्येक घरात असावी. ज्या घरात थट्टा नाही ते घर आम्हांस कचेरीसारखे वाटते. पण थट्टेची कसोटी एकच: ज्याची थट्टा झाली तो हसला की नाही? तो उठून कणगीमागे गेला असेल, तर आपला चावा जोराचा झाला, हे ओळखावे. शाळेत मुले एकमेकांच्या रंगावरून, अंगकाठीवरून, जातीवरून नावे ठेवतात आणि ‘आम्ही तर खेळत होतो’ म्हणतात. मातापित्यांनी हे उत्तर मान्य करू नये. खेळ दोघांचा असतो. एकट्याच्याच करमणुकीला खेळ हे नाव शोभत नाही.

मोबाइल फोनविषयीही दोन शब्द लिहितो. मांजर जेवत असता त्याच्या पाठीमागे गुपचूप काकडी ठेवावी, ते वळून दचकून हातभर उडी मारते, त्याचे चित्रण करावे आणि गावभर पाठवावे, असा एक प्रकार काही वर्षांपूर्वी जगभर पसरला आणि आमच्या आळीतही आला. मांजर जेवते तेव्हा ते आपल्यावर विश्वास ठेवून पाठ करून बसलेले असते. त्याच विश्वासाची थट्टा करणे आम्हांस पसंत नाही. मुलाने मांजरासमोर दोरी ओढावी, कागदाचा बोळा फेकावा, स्वतः धावावे व मांजरालाही धावू द्यावे. त्यात फोनला हात लागत नाही आणि मुलाचा व्यायाम होतो.

जाम नदीचा खेळ

आमच्या पांढुर्ण्याचे नाव वर्तमानपत्रांत वर्षातून एकदा हमखास येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्ण्याचे लोक, दुसऱ्या काठावर सावरगावचे. झेंडा मिळविण्यासाठी व राखण्यासाठी दोन्हीकडून दगडांचा वर्षाव होतो. यामागची कथा अशी सांगतात, की पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावची मुलगी घेऊन नदी ओलांडीत होता, तेव्हा दोन्ही तीरांवरून दगड सुटले आणि ती दोघे पात्रातच मरण पावली. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात नेला जातो. दर वर्षी शेकडो माणसे जखमी होतात. कित्येकांनी आजवर प्राण गमावले आहेत.

शेजाऱ्यांच्या श्रद्धेची थट्टा करणे हे ख्रिस्ती माणसाचे काम नव्हे, आणि आम्ही ती करीत नाही. देवीची पूजा त्यांची आहे. पण दगड कोणत्याही धर्माचा नसतो, आणि ज्याचे डोके फुटते ते आपल्याच ओळखीच्या घरातील लेकरू असते. मौज अशी, की याच लोकांनी आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून, त्यांना न्हाऊमाखू घालून, वर्षभराच्या कष्टांबद्दल पुरणपोळीचा घास भरविलेला असतो. मुक्या जनावराशी इतके कृतज्ञ राहणारे हात दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावावर दगड उचलतात. एकदा प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले. तो उपाय टिकला नाही. लोकांना तो पोरखेळ वाटला असावा. आमच्या मते त्या दिवशी चुकीचे काही होते तर ते चेंडू नव्हेत. सारे सामर्थ्य, सारी चुरस, सारी आरोळी तशीच ठेवून केवळ नखे आत घेण्याची ती संधी होती. आमच्या समाजातील तरुणांस एवढेच सांगणे आहे: त्या दिवशी काठावर उभे राहून हातात दगड घेणे ही मर्दुमकी नाही. जखमींना पाणी देणे, त्यांना दवाखान्यात पोहोचविणे, यास जे धैर्य लागते ते दाखवावे.

ख्रिस्तसभेच्या अंगणातील मांजर

मांजर हा प्राणी देवाच्या घरीही नवखा नाही. तोबियाच्या प्रवासात त्याच्यामागे कुत्रा चालत होता, हे वाचकांस ठाऊक असेल. मांजराचा उल्लेख बायबलात शोधावयाचा तर तो बारूखच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, बाबिलोनच्या मूर्तींवर वटवाघळे, पाकोळ्या आणि मांजरे येऊन बसतात, असे सांगताना आला आहे. घरगुती मांजराचा हा एवढाच उल्लेख, आणि तो कॅथॉलिक बायबलात आहे. प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलात हे पुस्तक नाही. तेव्हा मांजराला बायबलात जागा मिळाली ती आपल्याकडेच, असे गमतीने म्हणता येईल.

नवव्या शतकात एका आयरिश मठवासीयाने आपल्या पांगुर नावाच्या मांजरावर कविता रचली. इंग्लंडातील एक्सिटर येथील कॅथेड्रलच्या हिशेबात १३०५ पासून १४६७ पर्यंत मांजराच्या पोटासाठी आठवड्यास एक पेनी खर्ची पडलेली आहे. उंदीर पकडणे ही चाकरी, आणि चाकरीला मोल, असा तो सरळ व्यवहार होता. पेरू देशातील लिमा शहरी संत मार्टिन द पोरेस (१५७९ ते १६३९) हे डोमिनिकन मठात रुग्णांची सेवा करीत. कुत्रा, मांजर आणि उंदीर त्यांच्या हातून एकाच थाळीत जेवत, अशी आख्यायिका आहे. पोप तेविसावे जॉन यांनी ६ मे १९६२ रोजी त्यांना संतपद दिले. त्यांची आई पूर्वी गुलाम होती, आणि वर्णामुळे त्यांनी स्वतः अपमान सोसला होता. ज्याच्यावर जगाने नखे काढली त्याने आपली नखे कोणावरच काढली नाहीत, म्हणूनच त्या थाळीची कथा लोकांना खरी वाटली असावी.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत सरळ आणि समतोल आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथात सांगितले आहे, की प्राणी ही देवाची निर्मिती असून माणसाने त्यांस दयेने वागवावे. त्यांस विनाकारण यातना देणे किंवा मारणे हे माणसाच्या प्रतिष्ठेस शोभत नाही. प्राण्यांपासून काम घेणे व अन्न मिळविणे यास मनाई नाही. मात्र जो पैसा आधी गरजू माणसाच्या दुःखनिवारणासाठी लागावा तो प्राण्यांवर उधळणेही अयोग्यच. प्राण्यावर प्रेम करावे, पण जे प्रेम माणसालाच द्यावयाचे ते प्राण्याला देऊ नये. शहरात मांजराचा वाढदिवस केक कापून साजरा होतो आणि त्याच इमारतीतील म्हाताऱ्या आईची चौकशी करावयास सवड नसते, असे आपण ऐकतो. त्यावर हे वचन चपखल बसते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात याचीच दुसरी बाजू मांडली: इतर प्राण्यांशी निष्ठुरपणे वागण्याची सवय आज ना उद्या माणसांशी वागण्यातही उतरते.

आणि जाता जाता, मांजर आडवे गेले म्हणून मिस्साला निघालेला माणूस चार पावले मागे येतो, हे आमच्या धर्मग्रामातही घडते. मांजराला रस्ता ओलांडावयाचा होता म्हणून त्याने तो ओलांडला. आपल्या भविष्याशी त्याचा संबंध नाही. अशी भीती बाळगणे पहिल्या आज्ञेच्या विरुद्ध आहे, हे मुलांना लहानपणीच सांगावे.

पोत्यातील चार जीव

गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यातील गोष्ट. पाऊस झिमझिमत होता. शेजारचा मुलगा, वय वर्षे नऊ, खांद्यावर युरियाचे रिकामे पोते घेऊन आमच्या दारावरून चालला होता. रिकामे म्हटलेले ते पोते हलत होते. आम्ही विचारले, तो थांबला.

“मोठेबाबा, आईनं म्हटलं, नदीपल्याड सोडून ये.”

पोत्यात चार पिल्ले होती, जेमतेम पाच आठवड्यांची. मुलगा जरा वेळ पायाच्या अंगठ्याने चिखल उकरीत राहिला, मग त्याने विचारले, “मोठेबाबा, तिकडे यायचं कोन हाये?”

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आणि कोणापाशीही नसणार. पलीकडच्या तीरावर त्यांचे कोणीच नव्हते. पाच आठवड्यांच्या पिल्लाला शिकार येत नाही. भरल्या नदीच्या काठी, पावसात, आईच्या दुधावाचून ते दोन दिवसही काढीत नाही. पोते हाती धरणाऱ्या मोठ्या माणसाला हे ठाऊक असते, म्हणूनच तो ते काम लहान मुलाला सांगतो. मारावयाचे नाही, केवळ ‘सोडावयाचे’, या शब्दाने त्याच्या मनाची समजूत पटते. मांजर मेले तर काशीला सोन्याचे मांजर द्यावे लागते, ही भीती आपल्या गावांत अजून आहे. पण पोत्यातून सोडलेल्या पिल्लाचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

आम्ही मुलासह त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईला आम्ही दोष देणार नाही. दुसऱ्याच्या शेतात निंदणीला जाऊन ती तीन मुले वाढवीत आहे. ती म्हणाली, “भाऊजी, माह्या घरी लेकरायलेच दूध पुरत नाही, ह्या चार तोंडायले कुठून घालू?”

प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर तिला कोणी दिलेले नव्हते. ते येथे सर्वांसाठी देतो. मांजराला गाईम्हशीचे दूध लागतच नाही. दूध सुटलेल्या बहुतेक मांजरांना ते पचत नाही, उलट जुलाब होतात. आठ आठवड्यांपर्यंत पिल्लांची आईच त्यांना पाजते. खर्च येतो तो तिच्या पोटाचा. पाचव्या आठवड्यापासून पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा चुरा, मासळीचे किंवा कोंबडीचे बिनकाट्याचे, बिनहाडाचे तुकडे थोडे थोडे द्यावेत आणि वाटीभर स्वच्छ पाणी ठेवावे. घरातील दूध घरातील लेकरांनीच प्यावे. दूध न देणे म्हणजे क्रूरपणा, ही समजूत मनातून काढून टाकावी.

दुसरी गोष्ट संख्येची. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि वर्षातून दोन-तीनदा विते. पोते दर वर्षी भरते ते त्यामुळे. त्याचा खरा उपाय पशुवैद्यकाकडून तिची शस्त्रक्रिया करून घेणे हाच आहे. मनीची शस्त्रक्रिया तिची तीन पिल्ले मोठी झाल्यावर आम्ही करून घेतली होती. ती चार दिवस रुसली आणि पाचव्या दिवशी पुन्हा आढ्यावर चढली. उंदीर पकडण्यात तिच्याकडून काही कसूर झालेली नाही. आळीतील चार घरांनी मिळून खर्च उचलला तर तो कोणासच जड जात नाही.

तिसरी गोष्ट कायद्याची. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० पासून आहे. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणे हा त्यात गुन्हा धरला आहे. पहिल्या गुन्ह्यास दंड दहा ते पन्नास रुपये. दंड लहान म्हणून पापही लहान, असे मुलांच्या मनात येऊ देऊ नये.

चौथी गोष्ट सावधगिरीची. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले तर जखमेवर हळद, चुना, तिखट असे काही लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लसीविषयी विचारावे. पिसाळण्याचा रोग कुत्र्याप्रमाणेच मांजराकडूनही होतो, आणि एकदा लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. मायेसोबत ही दक्षताही असली पाहिजे.

पोते त्या दिवशी नदीवर गेले नाही. चारही पिल्ले आणखी तीन आठवडे आपल्या आईपाशी राहिली. त्यांतील एक किराणा दुकानदाराने नेले, त्याच्या धान्याच्या पोत्यांस उंदरांचा उपद्रव होता. एक बगिच्याच्या रखवालदाराने नेले. एक सौंसरला आमच्या नात्यातील घरी गेले. चौथे मुलाने ठेवून घेतले. आईने हरकत घेतली नाही, कारण तोवर घरातील सरकीच्या पोत्याभोवतीची लेंडे कमी झाली होती, आणि हा पुरावा कोणत्याही उपदेशापेक्षा बलवान ठरला. मोठ्या मांजरीची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर झाली.

पांढुर्ण्याच्या गोटमारीच्या दिवशी त्या मुलाचे मित्र त्याला बोलावण्यास आले होते. तो गेला नाही. पिल्लाला एकटे सोडता येत नाही, असे त्याने सांगितले. हे कारण ऐकून मित्र हसले असतील. आम्हांस मात्र त्याचा अभिमान वाटला. नऊ वर्षांच्या मुलाला कोणी हात उगारणे सहज शिकवू शकतो. आपल्या हातावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे ही जाणीव ज्याला लवकर झाली, तो हात पुढे घरात आणि गावात जपून उचलला जातो.

आमच्या वाचक कुटुंबांस विनंती एवढीच, की यंदा घरात पिल्ले झाली तर पोत्याचा विचार करण्यापूर्वी त्या मुलाचा प्रश्न घरातील मुलांसमोर मोठ्याने विचारावा, आणि त्यांचे उत्तर ऐकून घ्यावे.